तालुक्याच्या प्रयोगशाळेत द्रावकाशिवाय झिओलाइट: पहिल्या खेपेसाठी मार्गदर्शन

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला ‘ग्रीन केमिस्ट्री’ असं नाव दिलं की विषय पटकन मंजूर होतो. अडचणी त्यानंतर सुरू होतात. ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारं बंद भांडं) नसतो, एक्सआरडी (एक्स-किरणांनी स्फटिक ओळखायची तपासणी) नागपूर-अमरावतीशिवाय नाही, डिस्टिल्ड वॉटर जपून वापरावं लागतं आणि ऐन दुपारी लाइट जाते. गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत तालुक्याच्या कॉलेजांत थोड्याफार फरकाने हेच चित्र. तरीही सच्छिद्र खनिज उत्प्रेरक, म्हणजे झिओलाइट, अशा प्रयोगशाळेत करता येतो. उलट द्रावकाशिवायची पद्धत इथे जास्त सोयीची, कारण नीट निवड केली तर दाबाचं भांडं लागतच नाही. पुढची कृती ज्यांनी झिओलाइट कधी हाताळलेला नाही त्यांच्यासाठी आहे. टायट्रेशन आणि वजनकाटा येतो एवढं गृहीत धरलं आहे.

आधी थोडं समजून

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा जाळीदार सांगाडा. सांगाड्यात जिथे अ‍ॅल्युमिनियम बसतो तिथे एक ऋण प्रभार उरतो आणि तो भागवायला सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमचा धन आयन पोकळीत येऊन राहतो. हा आयन पक्का बांधलेला नसतो, बदलता येतो. पाणी मृदू करणं, वायू वेगळे करणं, उत्प्रेरकाचं काम करणं हे सगळं भोकाचा आकार आणि भोकातला आयन या दोन गोष्टींवर चालतं. झिओलाइट-ए या प्रकाराची भोकं सुमारे ०.४ नॅनोमीटरची, झेडएसएम-५ ची ०.५५ च्या आसपास, एक्स आणि वाय प्रकारांची ०.७४. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शेवटी लागणार आहेत.

निसर्गात हे खनिज आपल्याच पायाखाली आहे. पश्चिम विदर्भ काळ्या पाषाणावर वसलेला. लाव्हारस थिजताना राहिलेल्या पोकळ्यांतून कोमट क्षारयुक्त पाणी झिरपत गेलं आणि स्टिल्बाइट, ह्युलँडाइट यांचे पांढरे-मोतिया स्फटिक तयार झाले. दख्खनच्या पठारावरचे असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. प्रयोगशाळेत हे काम वेगाने करायची सुरुवात १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर यांनी आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टन यांनी केली. झिओलाइट-ए मिल्टन यांचा. तेव्हापासूनची रूढ कृती अशी: सोडियम सिलिकेट, सोडियम अ‍ॅल्युमिनेट आणि कॉस्टिक सोडा भरपूर पाण्यात कालवायचे, जेल करायचं आणि बंद भांड्यात तापवायचं.

हांगचौच्या चच्यांग विद्यापीठातल्या फेंग-शौ श्याओ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की हे पाणी जवळजवळ सगळं गाळता येतं. घन कच्चा माल खलात दहा-वीस मिनिटं घोटायचा, बंद भांड्यात भरायचा आणि तापवायचा. झेडएसएम-५ सारखे उद्योगातले महत्त्वाचे झिओलाइटही त्यांनी असे केले. फायदे सरळ आहेत. भांड्यात पाण्याऐवजी माल मावतो, सांडपाणी कमी होतं आणि वाफेचा दाब फार चढत नाही. दाबाचा मुद्दा आपल्यासाठी मोठा. १८० अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे १० बार होतो, आणि तेवढा दाब घ्यायला ऑटोक्लेव्हच पाहिजे. म्हणून पहिली खेप ९० अंशांवर होणारी घ्यायची. झेडएसएम-५ चं नाव कितीही आकर्षक असलं तरी तो नंतर.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच काढून टाका. द्रावक नाही म्हणजे पाणी नाही, असं नसतं. सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तुटून पुन्हा जुळायला थोडं पाणी लागतंच. ते सोडियम मेटासिलिकेटसारख्या जलयुक्त क्षारातून येतं, कॉस्टिक सोड्याने हवेतून ओढलेलं असतं किंवा आपण थेंबाथेंबाने घातलेलं असतं. शिवाय तयार झिओलाइट-ए च्या वजनात २२ टक्के पाणीच असतं. अगदी कोरडं मिश्रण तापवून काहीच घडत नाही, आणि मग ‘पद्धत चालत नाही’ असा शेरा वहीत पडतो.

कच्चा माल कोणता घ्यावा

विदर्भात तीन गोष्टी सहज सुचतात: औष्णिक केंद्रांची राख, धानाचं तूस आणि चिनीमाती.

फ्लाय अ‍ॅश म्हटली की कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस डोळ्यांसमोर येतात. फुकट मिळते, बातमीही चांगली होते. नागपूरच्या नीरीत (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) राखेपासून झिओलाइट-ए करण्यावर कामही झालं आहे. पण नवख्याने तिच्यापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राखेतला बराच सिलिका-अ‍ॅल्युमिना क्वार्ट्झ आणि म्युलाइटच्या रूपात अडकलेला असतो, तो ९० अंशांवर सोड्याला दाद देत नाही. तो मोकळा करायला राख कॉस्टिक सोड्याबरोबर ५५०-६०० अंशांवर वितळवावी लागते. म्हणजे जेवढ्यास तेवढा सोडा, वरून वीज. त्यात लोह, आणि प्रत्येक खेपेची राख वेगळी. निकाल बिघडला तर राखेमुळे की हातामुळे, ते कळत नाही.

तूस (कोंडा नव्हे, दाण्यावरचं टरफल) भंडारा-गोंदियाच्या प्रत्येक राइस मिलमागे ढिगाने पडलेलं असतं. त्याच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असतो. मात्र मिलच्या बॉयलरमधली राख उचलून आणू नका. ती बहुधा जास्त तापलेली असते. साधारण ७०० अंशांच्या वर सिलिकाचे स्फटिक होऊ लागतात आणि त्याची विरघळण्याची तयारी संपते. तूस सौम्य आम्लात उकळून, धुऊन, स्वतः ६०० अंशांवर जाळलं तर पांढरीशुभ्र, भुसभुशीत राख मिळते. आम्लाने पोटॅशियम निघून जातं. ते राहिलं तर सिलिका अर्धवट वितळून कोळसा आत कोंडतो आणि राख करडीच राहते. तरी तुसात अ‍ॅल्युमिनियम नाही, ते वेगळं आणावं लागतं. त्यामुळे तूस दुसऱ्या खेपेला.

पहिल्या खेपेला चिनीमाती, म्हणजे केओलिन. तिच्यात सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम एकास एक आहेत आणि झिओलाइट-ए लाही नेमके तेवढेच लागतात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला सिरॅमिकचं काम जुनं आहे. त्या बाजूचे असाल तर कुंभारकाम करणाऱ्यांकडे विचारा. नाहीतर नागपूरच्या रसायनांच्या दुकानातून घ्या. मातीत लोह असेल तर भाजल्यावर गुलाबी झाक येते. थोडी चालते.

माती भाजणे

कच्ची चिनीमाती सोड्याला सहज दाद देत नाही. ती मफल फर्नेसमध्ये ७०० अंशांवर दोन तास भाजली की तिच्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं, स्फटिकरचना मोडते आणि मेटाकेओलिन हाती येतं. ९५० अंशांच्या पुढे गेलात तर म्युलाइटच्या वाटेला लागते आणि माती वाया जाते, म्हणून फर्नेसच्या काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

जमलं की नाही ते वजनकाटा सांगतो. माती आधी ११० अंशांवर वाळवून घ्या, मग क्रुसिबलसकट तोलून भाजा. शुद्ध केओलिनचं वजन १४ टक्के घटतं: १० ग्रॅमचे ८.६ राहिले पाहिजेत. घट ९-१० टक्क्यांवर अडली तर भाजणं अपुरं झालं आहे किंवा मातीत वाळू आहे. पुन्हा एक तास भाजा. वजन हललं नाही तर वाळू समजा आणि पुढची प्रमाणं त्या हिशेबाने कमी धरा.

मध्येच लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही. परत आल्यावर पुन्हा ७०० अंशांवर दोन तास द्या, माल बिघडत नाही. मेटाकेओलिन बंद बरणीत टिकतंही. त्यामुळे दर वेळी १० ग्रॅमसाठी फर्नेस तापवण्यात अर्थ नाही. फर्नेस भरून एकदाच भाजा आणि सत्रभर वापरा. विजेची सगळ्यात मोठी बचत इथेच होते.

खलणे

१० ग्रॅम चिनीमातीपासूनच्या ८.६ ग्रॅम मेटाकेओलिनला ६.२ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि एकूण ४ ते ५ मिली पाणी. या प्रमाणात दर अ‍ॅल्युमिनियममागे दोन सोडियम येतात. रूढ पद्धतीत दर मोल अ‍ॅल्युमिनाला १२८ मोल पाणी घेतात, म्हणजे एवढ्याच मालाला सुमारे ९० मिली. फरक लक्षात येईल.

सुरक्षेचं आधी. हे मिश्रण म्हणजे अतितीव्र कॉस्टिक आहे. गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा अ‍ॅप्रन. गॉगलशिवाय खलापाशी कोणी उभंही राहू नये. अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाणी सोडत राहा आणि दवाखाना गाठा. लिंबू-व्हिनेगर लावत बसू नका. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, चमचा, फॉइल यांना या कामात मज्जाव: सोड्याबरोबर हायड्रोजन निघतो. मेटाकेओलिनची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क.

खलात आधी मेटाकेओलिन पसरा, वर सोड्याचे दाणे टाका आणि बत्त्याने दाबून फोडा. ठोकलं तर दाणे उडतात. दाणे मोडले की गोल फिरवत पंधरा मिनिटं घोटा.

इथे आपल्या हवेचा हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ च्या वर असतो आणि दुपारची हवा ठणठणीत कोरडी. सोडा खलात दाण्यासारखाच राहतो. जुलैत तोच सोडा पाहता पाहता चिकट होतो, कारण तो हवेतलं पाणी ओढतो. रूढ पद्धतीत ९० मिलीत एखादं मिली इकडेतिकडे झालं तर कुणाला कळत नाही. इथे एकूण पाणीच ५ मिली आहे, त्यामुळे एक मिली म्हणजे पाचवा हिस्सा. उपाय सोपा: खल रिकामा तोला, माल टाकून तोला आणि घोटून झाल्यावर पुन्हा तोला. वाढलेलं वजन म्हणजे हवेतून आलेलं पाणी (थोडा कार्बन डायऑक्साइडही). तेवढं वजा करून उरलेलं पाणी ड्रॉपरने, थेंबाथेंबाने घाला. एकदम ओतलं तर मिश्रण तापून उसळतं. चमच्याने दाबल्यावर गोळा टिकावा, पण पाणी सुटू नये, इतपत ओल पुरे. मेच्या आणि जुलैच्या खेपा सारख्या का येत नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा या तीन वजनांत सापडतं.

तापवणे

काचेची बाटली नको, गरम सोडा काच खातो. पॉलिप्रॉपिलीनची रुंद तोंडाची, घट्ट फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लास्टिक वेगळं, ते ९० अंशांना तग धरत नाही. बाटली एक तृतीयांशच भरा.

भरल्यावर लगेच ओव्हनमध्ये ढकलू नका. रात्रभर खोलीच्या तापमानाला राहू द्या. या मुरण्याच्या काळात बारीक केंद्रकं, म्हणजे स्फटिकांची बीजं, तयार होतात आणि झिओलाइट-ए कडे कल वाढतो. सकाळी बाटली तोला, झाकण पुन्हा आवळा, स्टीलच्या डब्यात ठेवा आणि ९० अंशांवर २४ तास द्या.

लाइटची खात्री नसेल तर ओव्हनच्या तळाला दोन-तीन भाजक्या विटा आदल्या दिवसापासून तापत ठेवा. लाइट गेली तरी त्या उष्णता धरून ठेवतात, तापमान एकदम कोसळत नाही. ओव्हनचं दार मात्र उघडून पाहायचं नाही. वहीत लाइट गेल्या-आल्याच्या वेळा लिहा आणि तेवढा वेळ पुढे वाढवा. उन्हाळ्यात पेटीच्या सौर चुलीवर हा टप्पा करून पाहण्याजोगा आहे, आपल्याकडच्या उन्हात ती ९० अंश सहज ओलांडते. आत थर्मामीटर हवाच, कारण १०० च्या पुढे गेलं तर बाटलीत दाब चढतो. त्या चुलीत पुन्हा अन्न शिजवायचं नाही, हे तिच्यावर रंगाने लिहून टाका.

बाटली थंड झाल्यावर पुन्हा तोला. वजन घटलं असेल तर झाकणातून वाफ गेली आणि ती खेप कोरडी पडली. झाकणाच्या आत दव दिसलं तर चांगलं लक्षण. आतला माल खडूसारखा पांढरा आणि मोडता असावा. कधी मात्र तो टणक बसतो आणि विद्यार्थी धावत येतो, “सर, हे तं गोटा झालं ना जी!” हा गोटा म्हणजे जिओपॉलिमर, सिमेंटसारखा आवळलेला पण स्फटिक न झालेला माल. मेटाकेओलिन, सोडा आणि फार कमी पाणी एकत्र आले की आधी तोच होतो, स्फटिक त्याच्यातून पुढे वाढतात. पाणी किंवा वेळ कमी पडला एवढाच त्याचा अर्थ. रुंद तोंडाची बाटली सांगितली ती याचसाठी: उकरून काढा, खलात फोडा, एक-दोन मिली पाणी शिंपडून आणखी १२ तास द्या.

धुणे, आणि हिरवेपणाचा खरा हिशेब

बहुतेक प्रकल्प इथे फसतात. द्रावकाशिवाय म्हणून मिरवायचं आणि माल नळाखाली धरून धुवायचा, असं चालतं. आकडे मांडून बघा. शंभर टक्के जमलं तर १४ ग्रॅम माल निघेल, हाती १२ लागला असं धरू. रूढ पद्धतीच्या ९० मिलीतले ८५ मिली आपण वाचवले. धुताना ३०० मिली पाणी वापरलं तर ती बचत कुठल्या कुठे गेली. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेला ई-फॅक्टर म्हणजे दर किलो मालामागे किती किलो टाकाऊ, त्याचा हिशेब. त्यात पाणी सहसा धरत नाहीत, आपण धरावं. ३०० मिलीच्या धुण्याने एकट्या पाण्याचा आकडा २५ येतो.

म्हणून एकदम ओतू नका. २० मिलीचे पाच हात द्या: ढवळा, बसू द्या, वरचं पाणी काढा. सेंट्रिफ्यूज असेल तर उत्तम. पाण्याचा पीएच ९-१० च्या आसपास आला की थांबा. झिओलाइटचं स्वतःचं पाणीही थोडं अल्कधर्मी असतं, ७ येईपर्यंत धूत बसलात तर दिवस जाईल आणि टाकी रिकामी होईल.

पहिल्या हाताचं पाणी फेकू नका. ६.२ ग्रॅम सोड्यातला निम्माच सांगाड्यात जातो, उरलेले सुमारे ३.१ ग्रॅम धुण्यात येतात आणि त्यातला मोठा भाग पहिल्याच पाण्यात असतो. फिनॉल्फ्थॅलिन घालून हायड्रोक्लोरिक आम्लाशी टायट्रेशन केलं की किती आहे ते कळतं. पुढच्या खेपेत साध्या पाण्याऐवजी हेच ४-५ मिली घाला आणि तेवढा सोडा कमी घ्या. ते बंद बाटलीत ठेवा, उघडं राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सोड्याचा कार्बोनेट होतो. बाकीच्या हातांचं पाणी आम्लाने उदासीन करून, पीएच ५.५ ते ९ मध्ये आणूनच सोडायचं. देशातल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत हीच मर्यादा आहे. कॉलेजच्या मागच्या नालीतून ते कुणाच्या शेतात उतरतं, हेही एकदा जाऊन बघा.

धुण्याचं पाणी कोणतं, हाही प्रश्न आहे. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी घेतलंत तर झिओलाइट त्यातला कॅल्शियम उचलतो आणि सोडियम सोडतो. ४०० मिलिग्रॅम कठीणतेच्या एक लिटर पाण्यात ८ मिलि-इक्विव्हॅलंट कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं आणि तुमच्या सगळ्या मालाची क्षमता सुमारे ७७. म्हणजे लिटरमागे दहाएक टक्के माल तुमच्या नकळत बदलतो. १०० मिलीत धुतलं तर फरक नगण्य, तरी शेवटचे दोन हात आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याचे द्या.

मग उन्हात वाळवा आणि ११० अंशांवर दोन तास ठेवा.

एक्सआरडीला पाठवण्याआधी

नमुना पाठवायला पैसे लागतात आणि निकालाला वेळ. त्याआधी घरच्या घरी दोन चाचण्या करा.

पहिली वजनाची. वाळवलेला माल एक-दोन दिवस हवेला ठेवून पाणी पिऊ द्या, मग अचूक १ ग्रॅम क्रुसिबलमध्ये ४०० अंशांवर तासभर तापवा. चांगल्या झिओलाइट-ए चे ०.७८ ग्रॅम राहतात. घट ५-६ टक्केच असेल तर स्फटिक झालेच नाहीत म्हणा.

दुसरी कठीणतेची. बी.एस्सी.ला केलेलं एरिओक्रोम ब्लॅक-टी आणि ईडीटीएचं टायट्रेशन. ४०० कठीणतेच्या १०० मिली पाण्यात ०.१ ग्रॅम माल टाकून अर्धा तास ढवळा, गाळा आणि पुन्हा टायट्रेट करा. एक ग्रॅम झिओलाइट-ए कमाल २७४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी कठीणता ओढू शकतो. म्हणजे ४०० वरून साधारण १३० पर्यंत उतरू शकतं, त्याखाली नाही. तुमचा आकडा त्याहून खाली आला तर आनंद करू नका. मालात सोडा राहिला आहे आणि त्याने कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साका पाडला आहे. पुन्हा धुवा.

दोन्ही चाचण्या बऱ्या आल्या तर अर्धा-एक ग्रॅम बारीक भुकटी लेबल लावून एक्सआरडीला द्या. तांब्याच्या किरणांवर झिओलाइट-ए ची शिखरं ७.२, १०.२, १२.५, १६.१, २१.७, २४.०, २७.१, २९.९ आणि ३४.२ अंश टू-थीटाला दिसतात. १४.१, २४.५, ३१.८, ३५.० दिसली तर सोडालाइट, म्हणजे त्याच मालातून होणारा दुसरा, आपल्याला नको असलेला स्फटिक, आला आहे. २६.६ ला टोकदार शिखर म्हणजे मातीतलं क्वार्ट्झ. १२.३ आणि २४.९ ही न भाजलेल्या केओलिनची शिखरं. पहिलं झिओलाइट-ए च्या शिखराला इतकं चिकटून असतं की घाईत फसगत होते, म्हणून ७.२ चं आहे का ते आधी बघा.

झिओलाइट-ए आणि सोडालाइटची सरमिसळ येण्याची शक्यता धरूनच चाला. सोडा, तापमान किंवा वेळ वाढला की माल सोडालाइटकडे झुकतो. ए पाहिजे असेल तर पुढच्या खेपांत सोडा ४.६ ग्रॅमपर्यंत आणून बघा, तापमान ८० वर ठेवा. धुण्यातला सोडाही आपोआप कमी होईल.

उत्प्रेरक म्हणायच्या आधी

सोडियमरूपातला झिओलाइट आम्लधर्मी नसतो, सौम्य अल्कधर्मी असतो. अमोनियम भरून, तापवून आम्लरूप करायची युक्ती पुस्तकात वाचाल. ती झिओलाइट-ए वर करू नका, त्यात अ‍ॅल्युमिनियम इतका आहे की सांगाडा ढासळतो.

अल्कधर्मी कामाला क्नोवेनागेल संघनन (दोन रेणू जुळून पाणी बाहेर पडतं ती अभिक्रिया) बरं. बेंझाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, एथिल सायनोअ‍ॅसिटेट १.१३ ग्रॅम, उत्प्रेरक ०.२ ग्रॅम, द्रावक नाही. ७० अंशांवर ढवळत टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) घेत जा. उत्प्रेरक आदल्या रात्री ३०० अंशांवर तापवून डेसिकेटरमध्ये थंड केलेला हवा, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या अल्कधर्मी जागा अडवतो. जुनं बेंझाल्डिहाइड घेऊ नका. त्यात बेंझोइक आम्ल तयार झालेलं असतं आणि ते उरलेल्या जागाही मारतं.

आता पहिल्या पानावरचे आकडे काढा. बेंझाल्डिहाइडचा रेणू ०.४ नॅनोमीटरच्या भोकात शिरत नाही. बायोडिझेलसाठी घेतात त्या तेलाचा रेणू तर कितीतरी मोठा. म्हणजे जे घडतं ते कणाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, किंवा आणखी वाईट, मालातून सुटून आलेल्या सोड्यामुळे. म्हणून दोन तपासण्या टाळू नका. एक, उत्प्रेरकाशिवाय तीच अभिक्रिया. दुसरी, उत्प्रेरक एकट्या एथिल सायनोअ‍ॅसिटेटमध्ये ७० अंशांवर तासभर ढवळा, कोमट असताना गाळा आणि गाळलेल्या द्रवात बेंझाल्डिहाइड घाला. अभिक्रिया तेवढ्याच जोरात झाली तर काम सोड्याने केलं, झिओलाइटने नाही. बायोडिझेलच्या प्रकल्पांत ही तपासणी हमखास राहते. मोहाच्या बियांचं तेल घेतलंत तर आणखी एक लफडं: त्यात मुक्त स्निग्धाम्लं भरपूर, त्यामुळे अल्कधर्मी उत्प्रेरकाने आधी साबण होतो. पहिल्या वेळी रिफाइंड सोयाबीन तेल बरं.

यवतमाळ-चंद्रपूरकडचे विद्यार्थी विचारतात, याने पाण्यातलं फ्लोराइड निघेल का. साध्या झिओलाइटने नाही. सांगाडा ऋण, फ्लोराइडही ऋण. आणि प्रयोगशाळेत केलेला माल पिण्याच्या पाण्याला लावायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

यापुढे

दुसऱ्या खेपेला तुसाची राख आणा. मेटाकेओलिनमध्ये ती मिसळून सिलिकॉनचं प्रमाण दर अ‍ॅल्युमिनियममागे सव्वा ते दीडपर्यंत नेलं की ०.७४ नॅनोमीटर भोकांच्या एक्स प्रकाराकडे जाता येतं, आणि मग बेंझाल्डिहाइडला आत शिरायला जागा मिळते. मुरण्याचा काळ तेव्हा एका रात्रीवरून पूर्ण दिवसावर न्या.

झेडएसएम-५ करायचाच असेल तर सुट्टीत नागपूरच्या एखाद्या संशोधन संस्थेत किंवा विद्यापीठ विभागात टेफ्लॉन अस्तराचा ऑटोक्लेव्ह आणि चालू फ्यूमहूड मिळतो का ते मार्गदर्शकांमार्फत विचारा. त्यात सोडियम मेटासिलिकेट, सिलिका, थोडा अ‍ॅल्युमिनियमचा स्रोत आणि अमोनियम क्लोराइड हे टेट्राप्रोपिल अमोनियम ब्रोमाइड या साच्याबरोबर (याच्याभोवती भोकं घडतात) घोटतात आणि १८० अंशांवर एक-दोन दिवस ठेवतात. घोटतानाच अमोनियाचा वास सुटतो, आणि तो साचा शेवटी ५५० अंशांवर जाळून काढावा लागतो. साचा महाग आहे, जाळल्यावर धूर होतो. तेव्हा अर्जासोबत ई-फॅक्टरचा हिशेब जोडताना त्याचं वजन आणि फर्नेसचे युनिट दोन्ही टाकाऊच्या रकान्यात लिहा.